घुमटाखालचा आवाज मोजावा कसा: गोलघुमटापासून गावच्या सभामंडपापर्यंत

घुमट असलेल्या देवळात, मशिदीत किंवा चर्चमध्ये बोललेलं कळत नाही, म्हणजे ‘आवाज घुमतो’ असं म्हणून आपण विषय संपवतो. या एका तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली निनाद. दगड-चुन्याच्या मोठ्या पोकळीत आवाज लवकर मरत नाही. दुसरी केंद्रीभवन. घुमटाचा अंतर्गोल भाग आवाज गोळा करून एका ठिकाणी टाकतो. तिसरी भिंतीला धरून पळणारा आवाज, ज्याच्यामुळे कुजबुज पलीकडे पोचते. तिन्हींची कारणं निराळी, मोजण्याची रीत निराळी आणि उपायही निराळे. निनादावरचा उपाय केंद्रीभवनावर केला की पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते. म्हणून आधी मोजायचं.

काय काय लागेल

लेझर अंतरमापक, तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, तिपाई, ३० सेंटीमीटरचे पंधरा-वीस फुगे आणि ४५ सेंटीमीटरच्या आसपासचे चार-पाच मोठे फुगे, टाचणी बांधलेली काठी, कानात घालायचे बोळे आणि रेकॉर्डर. रेकॉर्डर स्वतंत्र असला तर उत्तम: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. मोबाइलवर काम भागवायचं असेल तर ‘ऑटो गेन’ आणि ‘नॉइज रिडक्शन’ बंद करता येणारं अ‍ॅपच घ्या. नेहमीचं व्हॉइस रेकॉर्डर अ‍ॅप आवाज कमी होऊ लागला की स्वतःच पातळी वाढवतं, त्यामुळे निनाद आहे त्यापेक्षा लांब दिसतो. या कामातली सगळ्यात सामान्य चूक हीच.

फुगा हे काही पोरखेळाचं साधन नाही. इस्तंबूलच्या आयासोफिया या प्राचीन घुमटी वास्तूचा आवाज टिपताना स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये फुगेच फोडले होते. तेव्हा तिथला निनादकाळ, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, साधारण ११ सेकंदांचा होता. मात्र फुग्याच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. तो सर्व दिशांना सारखा आवाज टाकत नाही आणि लहान फुग्यात खर्जाची ताकद कमी असते. १२५ हर्ट्झच्या खालचे आकडे हवे असतील तर मोठा फुगा वापरा, किंवा स्पीकरवरून ‘साइन स्वीप’ वाजवा. स्वीप म्हणजे खर्जापासून तारस्वरापर्यंत सलग चढत जाणारा सूर. गणिताने त्यातून फुग्यासारखाच, पण कितीतरी स्वच्छ प्रतिसाद काढता येतो. २००० साली आंजेलो फरीना यांनी मांडलेली ही पद्धत आता सगळीकडे रूढ आहे. मोठ्या घुमटात स्वीप निदान २० ते ३० सेकंदांचा ठेवा आणि तो संपल्यावर निनाद पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका.

परवानगी आधी घ्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वास्तूत तिपाई लावायलाही पूर्वपरवानगी लागते. चालत्या देवस्थानात विश्वस्तांशी, मशिदीत किंवा चर्चमध्ये तिथल्या प्रमुखांशी बोलून आरती, नमाज किंवा मिस्साची वेळ टाळा. आणि वर बघा: घुमटाच्या कडेला आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी फुगा फोडू नका. वटवाघळं आणि पारवे असले तर पहिल्या फुग्यानंतर त्यांच्या फडफडाटात दोन-तीन मिनिटं जातात, तेवढा वेळ धरून चाला.

आधी आकार, मग आवाज

फुगा फोडण्याआधी चार मापं घ्या: जमिनीपासून घुमटाच्या बुडापर्यंतची उंची, बुडापासून माथ्यापर्यंतची उंची, घुमटाचा आतला व्यास आणि मंडपाची लांबी-रुंदी. बाहेरून दिसणारा घुमट मापू नका. बऱ्याच वास्तूंत बाहेरचं कवच आणि आतलं छत यांच्यामध्ये पोकळी असते. आवाजाला दिसतं ते आतलं छतच.

घुमट पूर्ण अर्धगोल नसेल तर त्याची वक्रता-त्रिज्या अशी काढा: अर्ध्या व्यासाचा वर्ग अधिक घुमटाच्या उंचीचा वर्ग, भागिले घुमटाच्या उंचीची दुप्पट. व्यास १० मीटर आणि घुमटाची उंची ५ मीटर असेल तर त्रिज्या ५ मीटर. तोच व्यास पण उंची फक्त १.२ मीटर असेल तर त्रिज्या ११ मीटर. चपटा घुमट म्हणजे मोठी त्रिज्या, हे लक्षात असू द्या.

आता शाळेत शिकलेलं अंतर्गोल आरशाचं सूत्र इथे जसंच्या तसं चालतं. बोलणाऱ्याच्या तोंडापासून माथ्यापर्यंतचं अंतर ‘अ’, माथ्यापासून खाली जिथे आवाज एकवटतो ते अंतर ‘ब’ आणि त्रिज्या ‘त्र’ धरली तर १/अ + १/ब = २/त्र.

दोन उदाहरणं करून पाहू. पहिल्यात १० मीटरचा चौरस मंडप, ६ मीटरच्या भिंती, वर ५ मीटर त्रिज्येचा अर्धगोल. बसलेल्या माणसाचं तोंड १.२ मीटरवर, म्हणजे ‘अ’ ९.८ मीटर. ‘ब’ येतो साधारण ३.४ मीटर. आवाज जमिनीपासून साडेसात मीटरवर, कुणाचंच डोकं नसलेल्या जागी एकवटतो आणि तिथून पुन्हा पसरत खाली येतो. हा घुमट निरुपद्रवी आहे. दुसऱ्या मंडपाचा व्यास तोच, पण भिंती ४ मीटरच्या आणि घुमटाची उंची २.९ मीटर. त्रिज्या येते ५.८ मीटर, आणि बसलेल्या माणसापासून माथ्याचं अंतरही जवळपास तेवढंच, ५.७ मीटर. मध्यभागी बसलेल्याचा आवाज जवळपास त्याच्याच डोक्यावर परत पडतो. जाऊन-येऊन ११.४ मीटर, म्हणजे ३३ मिलिसेकंद. बोलणं-गाणं यांत ५० मिलिसेकंदांच्या आतला परतावा वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही, पण आवाजाचा पोत बदलतो. कीर्तनकाराला आपलाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि चार पावलं बाजूला सरकलं की सगळं ठीक होतं. ही खूण पक्की समजा: जागा बदलल्यावर दोष जात असेल तर तो केंद्रीभवनाचा, मंडपात कुठेही उभं राहिलं तरी तसाच राहत असेल तर निनादाचा.

नवीन बांधकामासाठी ढोबळ नियम असा की घुमटाची त्रिज्या एकूण उंचीच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त असावी. मधल्या पट्ट्यात त्रास होतो.

विजापूरच्या गॅलरीत

सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवरचा गोलघुमट हा या विषयाचा मोठा धडा आहे. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमारास उभी राहिली आणि तिचा रचनाकार दाभोळचा याकूत असल्याचं मानलं जातं, म्हणजे मूळ धागा कोकणातलाच. आतला चौक ४१ मीटरचा, घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आणि गॅलरी, म्हणजे घुमटाच्या बुडाशी आतून फिरणारा गोल सज्जा, जमिनीपासून ३३ मीटरवर.

खाली कबरीजवळ उभं राहून टाळी वाजवणारे निराश होतात, आणि तसं होणारच. तिथून माथा पन्नासेक मीटरवर आहे. वरचं सूत्र लावलं तर आवाज माथ्याखाली १२ मीटरच्या आसपास, म्हणजे गॅलरीच्याही वर एकवटतो. खाली मिळतो तो फक्त निनाद. गंमत सगळी गॅलरीत आहे, कारण ती घुमटाच्या वक्रतेच्या केंद्राच्या पातळीजवळ आहे. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याच्या जिन्याने वर जावं लागतं. दरवाजे उघडताक्षणी जा. एकदा शाळांच्या सहली वर पोचल्या की मोजणी विसरायची.

कुजबुजीचा प्रयोग असा करा. दोघांनी व्यासाच्या दोन टोकांना उभं राहायचं. बोलणाऱ्याने समोरच्याकडे तोंड न करता भिंतीच्या रोखाने, भिंतीपासून हातभर अंतरावरून कुजबुजायचं. ऐकणाऱ्याचा कान किंवा माइकही भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर. ‘स’, ‘श’, ‘च’ असलेले शब्द निवडा, तारस्वरातला आवाज भिंतीला जास्त घट्ट धरून जातो. मग माइक हळूहळू भिंतीपासून आत सरकवा. आवाज सरळ रेषेत कमी होत नाही, मध्येच कमी-जास्त होत जातो. चंद्रशेखर वेंकट रामन आणि सदरलँड यांनी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या गॅलरीत १९२१ मध्ये हे चढउतार नोंदवले होते. रामन यांनी गोलघुमटाचाही अभ्यास केला होता.

आता एक शंका तपासता येते. आवाज खरोखर भिंतीने फिरून येतो की समोरच्या टोकाला नुसता एकवटतो? एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांपैकी एअरी यांचं म्हणणं दुसरं होतं, लॉर्ड रॅले यांचं पहिलं. तिसऱ्या माणसाला ९० अंशांवर, म्हणजे पाव वर्तुळावर भिंतीशी उभं करा. त्यालाही कुजबुज ऐकू आली तर रॅले बरोबर. येतेच. भिंतीला काटकोनात पुठ्ठा धरून वाट अडवायची असेल तर दोन्ही बाजूंनी अडवा. आवाज डावीकडून आणि उजवीकडून असा दोन्ही वाटांनी येतो, एकच बाजू अडवून ‘फरक पडला नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

रेकॉर्डिंगमध्ये हेच आकड्यांत दिसतं. २५ अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४६ मीटर (३३१.४ अधिक तापमानाच्या ०.६ पट). व्यासावरून सरळ येणारा आवाज ०.११० सेकंदांत पोचतो, अर्ध्या परिघावरून येणारा ०.१७२ सेकंदांत. समोरच्या टोकाला टिपलेल्या टाळीत पहिल्या ठोक्यानंतर सुमारे ६२ मिलिसेकंदांनी दुसरा झुबका दिसायला हवा. तसंच, टाळी वाजवणाऱ्याच्याच जवळ माइक ठेवून परत येणारे ठोके मोजा. ते ०.२२ सेकंदांच्या अंतराने आले तर आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परततो आहे, ०.३४ सेकंदांच्या अंतराने आले तर पूर्ण परिघाला चक्कर मारतो आहे. गॅलरीतला माणूस सात, दहा, बारा प्रतिध्वनी सांगेल. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये लाटेचा आलेख ताणून स्वतः मोजा.

निनादकाळ मोजण्याची रीत

निनादकाळ म्हणजे आवाजाची पातळी ६० डेसिबलने घसरायला लागणारा वेळ. प्रत्यक्षात ६० डेसिबलची घसरण मिळत नाही, कारण खाली पंख्याचा, रस्त्याचा, माणसांचा आवाज असतोच. म्हणून -५ ते -२५ डेसिबलपर्यंतची घसरण मोजून तिला तीनने गुणतात. याला टी-२० म्हणतात (क्रिकेटशी संबंध नाही). -५ ते -३५ पर्यंत मोजून दोनने गुणलं की टी-३०. टी-२० साठी फुग्याचा आवाज पार्श्वभूमीच्या निदान ३५ डेसिबल वर असावा, टी-३० साठी ४५. पंखे, एसी, पाण्याची मोटर, डिजिटल घंटा, सगळं बंद करून घ्या.

१. फुगा जमिनीपासून दीड मीटरवर, माइक १.२ मीटरवर. माइक कुठल्याही भिंतीपासून किंवा खांबापासून निदान १ मीटर दूर.

२. फुगा आणि माइक यांत अंतर ठेवा: लहान सभामंडपात दीड-दोन मीटर, मोठ्या वास्तूत ८ ते १०. फार जवळ गेलं तर थेट आवाजच सगळं झाकतो.

३. फुग्याच्या दोन जागा निवडा. एक जिथे प्रत्यक्ष बोलणारा किंवा गाणारा उभा राहतो तिथे: गाभाऱ्यापुढे, मशिदीतल्या मिंबरजवळ (प्रवचनाच्या पायऱ्यांपाशी) किंवा चर्चच्या वेदीपाशी. माइकच्या निदान चार-पाच जागा, त्यातली एकच घुमटाच्या मध्याखाली. सगळी मोजणी मध्याखालीच केली तर माथा आणि फरशी यांच्यात वर-खाली होणारे ठोके आकडे फुगवतात.

४. पातळी लावायला एक फुगा वाया घालवा. शिखर लाल पट्टीत गेलं तर पातळी उतरवा किंवा माइक दूर न्या. लाटेचा माथा कापला गेला तरी टी-२० बऱ्यापैकी बरोबर येऊ शकतो, पण स्पष्टतेचे (बोलणं किती नीट कळतं याचे) आकडे निरुपयोगी होतात, कारण ते पहिल्या ५० मिलिसेकंदांवर ठरतात.

५. फुगा फोडणाऱ्याने काठी लांब धरून स्वतः बाजूला राहायचं, फुगा आणि माइक यांच्यामध्ये यायचं नाही. दर जागी तीन फुगे, सारख्याच आकाराचे. फुटल्यावर आवाज पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. रबराचे तुकडे गोळा करून आणा.

६. तापमान, आर्द्रता, हजर माणसं, उघडी दारं-खिडक्या आणि अंथरलेल्या सतरंज्या लिहून ठेवा. हे नसेल तर पुढच्या वर्षीच्या मोजणीशी तुलना करता येणार नाही.

घरी आल्यावर प्रत्येक फुग्याचा तुकडा वेगळा कापा आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ या मोफत प्रोग्राममध्ये ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणून आयात करा. सप्तकवार, म्हणजे १२५, २५०, ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे आकडे वेगवेगळे बघा. नुसती सरासरी फसवते. मोठ्या घुमटात खर्ज दहा सेकंद रेंगाळतो आणि ४००० हर्ट्झला आकडा अचानक अर्ध्यावर येतो, म्हणून काही चुकलं असं समजू नका. वरच्या पट्टीत हवा स्वतःच आवाज खाते. भिंती कितीही कठीण असल्या तरी ४००० हर्ट्झला निनाद सहा-सात सेकंदांपलीकडे फारसा जात नाही, आणि ही मर्यादा आर्द्रतेनुसार सरकते.

घसरणीची रेघ सरळ हवी. ती मध्येच वाकून पुढे चपटी झाली तर दोन कारणं संभवतात. रेघ आडवी झाली असेल तर तो पार्श्वभूमीचा आवाज आहे. दुसऱ्या, कमी उताराने पुढे उतरत असेल तर शेजारच्या ओवऱ्या, गॅलऱ्या किंवा दुसरा घुमट आपला साठलेला आवाज मुख्य मंडपात परत सोडतो आहे. अशा वेळी टी-३० चा आकडा कानाला जाणवतो त्यापेक्षा मोठा येतो. पहिल्या १० डेसिबलच्या घसरणीवरून काढलेला, सहाने गुणलेला आकडा जास्त प्रामाणिक.

आकड्यांचं काय करायचं

ध्वनिशास्त्रज्ञ सॅबिन यांचं सूत्र मीटरमध्ये असं: निनादकाळ = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. वरचाच पहिला मंडप घ्या. घनफळ ८६० घनमीटर, आतला पृष्ठभाग ५०० चौरस मीटर. दगड-चुन्याचं शोषण शेकडा तीन धरलं तर १५ चौरस मीटर, आणि निनादकाळ ९.२ सेकंद. आता २ बाय २.५ मीटरची तीन दारं उघडी ठेवा. उघडं दार म्हणजे पूर्ण शोषण, आणखी १५ चौरस मीटर. निनादकाळ ४.६ सेकंद. साठ माणसं आली, दर माणशी ०.४५ धरलं तर २७ चौरस मीटर वाढले, आणि आकडा २.४ वर. म्हणजे रिकाम्या मंडपात ध्वनियंत्रणा तपासून ती नाकारणं हा अन्याय आहे.

हे गणित जीर्णोद्धाराच्या वेळी उपयोगी पडतं. शहाबादी काढून ग्रॅनाइट घातल्यावर आवाज बिघडला अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोन्ही फरश्या सारख्याच कठीण आहेत, फरक नगण्य. त्याच कामात धुळीसाठी आणि एसीसाठी दारं-जाळ्यांना काच बसवलेली असते, आणि खरा गुन्हेगार ती. वरच्या मंडपात ती उघडी १५ चौरस मीटर बंद केली की रिकाम्या वास्तूचा निनाद जवळपास दुप्पट होतो. चुन्याच्या गिलाव्यावर ऑइल पेंट मारला की त्याची छिद्रं बुजतात, तोही तोटा.

सतरंजी फक्त वरच्या पट्टीतला आवाज खाते, खर्ज तसाच राहतो. आयासोफियात २०२० मध्ये ती पुन्हा मशीद झाल्यावर गालिचा अंथरला गेला, पण तेवढ्या घनफळाचा खर्ज गालिच्याने आवरण्याजोगा नाही. जाड पडदा भिंतीपासून १० ते २० सेंटीमीटर सोडून लावला तर मधल्या पट्टीतही काम करतो. घुमटाखाली बांधायचा पातळ चांदवा केंद्रीभवन थोडं मऊ करतो, निनादाला त्याचा उपयोग जवळपास नाही. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत ऑटोमन वास्तुकार मिमार सिनानने घुमटात तोंड उघडी मडकी बसवली, तशी लावावीत असा सल्ला कुणी देईल. ५ लिटरचं, ४ सेंटीमीटर तोंडाचं आणि ३ सेंटीमीटर मानेचं मडकं ११० हर्ट्झच्या आसपासच्या अरुंद पट्टीतच काम करतं. चार मडकी टांगून काही होत नाही, आणि संरक्षित घुमटाला भोक पाडणं बेकायदा आहे.

स्पीकर

कर्णा वर, घुमटाकडे तोंड करून लावणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. घुमटात गेलेली प्रत्येक शक्ती निनाद होऊन परत येते. थेट आवाज निनादापेक्षा जोरात राहतो ते अंतर असं काढा: ०.०५७ गुणिले (रोखपणा × घनफळ ÷ निनादकाळ) याचं वर्गमूळ. रोखपणा म्हणजे स्पीकर आवाज एका दिशेला किती रोखून टाकतो याचा आकडा; सर्व दिशांना सारखा पसरत असेल तर तो १. रिकाम्या मंडपात, ४.६ सेकंदांना, सर्व दिशांना पसरणाऱ्या स्पीकरसाठी हे अंतर पाऊण मीटर येतं. रोखपणा १० असलेल्या कॉलम स्पीकरसाठी अडीच मीटर. म्हणून एक मोठा स्पीकर नको. अरुंद, उभे कॉलम स्पीकर खांबांना कानाच्या थोडं वर, श्रोत्यांच्या रोखाने लावा, आवाज कमी ठेवा आणि १५० हर्ट्झखालचं कापा. मागच्या रांगेतल्या स्पीकरला विलंब द्या: दर मीटरला २.९ मिलिसेकंद, वर १० मिलिसेकंद जास्त, म्हणजे आवाज पुढून, वक्त्याकडूनच आल्यासारखा वाटतो. विलंब लावल्यावर माणसं बसलेली असताना पुन्हा एकदा मोजा, कारण तोच आकडा कामाचा.